उपासात दशावतार

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासातली शुक्रवारची क्रूसाच्या वाटेची प्रार्थना संपली, मेणबत्त्या विझवल्या आणि आम्ही बायका चर्चच्या पायऱ्या उतरत होतो. वाड्यावरच्या एका मावशीने मला कोपराने हळूच ढोसलं. "काय गो बायो, उपासात दशावतार बघूक गेल्लंस म्हणे?" आवाजात राग नव्हता. थोडी काळजी होती, थोडं कुतूहल. "गेल्लंय मगे," मी म्हटलं. "नाटक बरा झाला?" "बरा झाला." ती "हं" म्हणाली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि चालू लागली. एवढंच बोलणं. पण ते "हं" रात्री अंथरुणावर पडल्यावरही कानात राहिलं. मावशीला मी लहानपणापासून बघतेय. ती टोमणे मारणाऱ्यांतली नाही. तिने विचारलं म्हणजे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की उपासाच्या दिवसांत, अंगणात खुर्ची टाकून, रात्रभर हसायला माझं मन कसं तयार झालं.

नियमाचं उत्तर सोपं होतं. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, हे दोन दिवस कडक उपास, उपासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, आणि प्रार्थना, दानधर्म, पश्चात्ताप. नाटकाला मनाई कुठेच लिहिलेली नाही. शिवाय राखेच्या बुधवारपासून पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर दिवस भरतात ४६. त्यातले सहा रविवार वगळायचे, तेव्हा चाळीस उरतात, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नसतो. आमचं नाटक शनिवारी रात्री उभं राहिलं आणि संपलं तेव्हा रविवार केव्हाच लागला होता. हे सगळं मला मावशीला सांगता आलं असतं. पण अशा हिशेबाने सुटायची मला इच्छा नव्हती आणि तिचा प्रश्नही नियमाचा नव्हता.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न दरवर्षी ठरलेल्या वेळी दारात येतो. शिमगा नेमका आमच्या उपासात पडतो. होळी फाल्गुनी पुनवेची आणि ईस्टर वसंतातल्या पुनवेनंतरच्या रविवारी. दोन्ही सण चंद्राकडे बघूनच ठरतात, त्यामुळे त्यांची ही गाठ चुकत नाही. इकडे चर्चमध्ये जांभळी वस्त्रं, वेदीवर फुलं नाहीत, "आलेलुया" म्हणणं बंद. तिकडे गावात ढोल, रोंबाट, पोरांचा गलका आणि देवळाच्या मांडावर नाटकं. लहानपणी क्रूसाच्या वाटेचं गाणं म्हणताना मधेच लांबून ढोलाचा ठेका ऐकू यायचा आणि आमच्यातली पोरं गुडघ्यावर बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने ताल धरायची. माय, म्हणजे माझी आजी, डोळे मिटूनच त्यातल्या एकाच्या पाठीवर हात ठेवायची. तो हात मारायला नसायचा, पण पोर स्थिर व्हायचं.

त्या शनिवारचं नाटक मी का चुकवलं नाही, तर नाटकवाल्यांनी आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा पूर्वरंग, पूर्ण केला. हल्ली बरेचदा गणपती नाचवून थेट आख्यानाला हात घालतात, लोकांना झोप येते म्हणून. त्या रात्री ऋद्धिसिद्धी आल्या, मोरावर सरस्वती आली, भटजी आले आणि मग संकासुर आला. अंगभर काळं, चेहऱ्यावर काळं फडकं, डोळ्यांपुरती भोकं. त्याने रंगमंचावर आल्या आल्या पहिल्या रांगेतल्या सरपंचांना ओळख दिली, पखवाजवाल्याला उधारीची आठवण करून दिली आणि मग बाकड्यावर पाय टाकून बसला. दशावतारात ते एकच बाकडं. तेच सिंहासन, तेच कैलास, तेच इंद्राचा दरबार. "माका वेद वाचूक येणत नाय," तो म्हणाला, "पण चोरूक येतत!" माझ्या पुढे बसलेली एक बाई इतकी हसली की तिच्या मांडीवरचं पोर जागं झालं आणि तेही हसायला लागलं. मग विष्णू आला. त्याने संकासुराला ज्या मराठीत सुनावलं ती मराठी आमच्या गावात कोणीच बोलत नाही. "हे दुराचारी असुरा, तुझ्या पापांचा घडा आता भरला आहे." कागद नाही, संहिता नाही, वाक्यं जागच्या जागी सुचलेली, तरी प्रत्येक क्रियापद कसं नीट जागेवर बसलेलं. हे काम करणारा माणूस दिवसा काय करतो मला ठाऊक नाही. बहुधा रिक्षा चालवत असेल, नाहीतर काजूच्या बागेत राखणीला असेल.

देव पुस्तकातली मराठी बोलतो आणि असुर आमची.

हे मी अनेक वर्षं बघत आलेय, पण त्या रात्री चर्चची आठवण होऊन मला ते टोचलं. आमची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तीसुद्धा पुस्तकातल्या मराठीत असते. त्याआधी तर लॅटिनमध्ये असायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकांच्या भाषांना दार उघडलं तेव्हा माझी आई शाळेत जात होती. तिला आठवतं, फादर पाठमोरे उभे, ओठ हलतात, आणि बाया आपापली जपमाळ ओढत बसलेल्या. मराठी आली तेव्हा लोकांना देवाचं बोलणं कळायला लागलं, ही केवढी मोठी गोष्ट. मला ती मराठी आवडते. "हे प्रभो, तू माझ्या छपराखाली यावेस अशी माझी योग्यता नाही" हे म्हणताना माझा आवाज आपोआप खाली येतो. पण त्या मराठीत मी कधी हसले नाही, कधी भांडले नाही, कधी कोणाला जेवायला बोलावलं नाही. घरी मालवणी, शाळेत मराठी, देवापुढे आणखी सोवळी मराठी, आणि मे महिन्यात खुरसापुढे, म्हणजे वाड्यावरच्या क्रूसापुढे, लदीन घालायची तर अजूनही लॅटिन.

लदिनीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण तिच्याइतकी आनंदाची प्रार्थना मी दुसरी पाहिलेली नाही. वाड्यावरचा खुरीस चुना मारून पांढरा केलेला, त्यावर अबोलीच्या वळेसऱ्या, पायाशी मेणबत्त्या आणि वाऱ्याने त्या विझू नयेत म्हणून प्रत्येकीभोवती केळीच्या पानाचा तुकडा गुंडाळलेला. एकजण व्हायोलिन लावतो. तारा दमट हवेने उतरलेल्या असतात, त्यामुळे लावण्यात बराच वेळ जातो आणि तेवढ्यात पोरं दगडावर जागा धरतात. मग मारियेची एकेक पदवी उच्चारली जाते आणि सगळा वाडा उत्तर देतो, "ओरा प्रो नोबिस." अर्थ कोणाला विचारलात तर निम्म्यांना सांगता येईल, निम्म्यांना नाही. पण सूर कोणाचाच चुकत नाही. दोन आवाजांत गातात, वरचा बायकांचा, खालचा पुरुषांचा, आणि ते कोणी शिकवलेलं नसतं, आईबापांच्या शेजारी उभं राहून आलेलं असतं. शेवटी उकडलेले चणे, खोबऱ्याच्या कातळ्या, मोठ्यांना घोटभर काहीतरी आणि मग गप्पा. त्या गप्पा मालवणीत. कोणाच्या म्हशीने काय केलं, कोणाचा झिल दुबईहून कधी येणार, कोणाचं ठरलं, कोणाचं मोडलं. माझ्या मनात प्रार्थना कुठे संपली आणि चणे कुठे सुरू झाले हे वेगळं काढता येत नाही.

माय मात्र देवाशी सरळ मालवणीत बोलायची. जपमाळेच्या बाहेर, कामाच्या धबडग्यात. एकदा मेच्या अखेरीला आभाळ अचानक भरून आलं आणि ती स्वयंपाकघरातून ओरडली, "वाइच कळ काढ रे देवा, माझी सुंगटा अजून खळ्यात आसत!" आम्ही पोरं धावलो, कोलंबी वाळत घातलेल्या चटया उचलल्या, आणि शेवटची चटई पडवीत टेकताना पाऊस आला. तिने वर बघून मान डोलावली, शेजाऱ्याने काम वेळेवर केल्यावर डोलावतो तशी. त्या क्षणी मला देव जितका जवळचा वाटला तितका नंतर क्वचितच वाटला.

आता इथे मला ख्रिस्तपुराण लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या शाळेत पाठ होत्या, मराठी भाषा गौरव दिनाला दरवर्षी कोणीतरी म्हणतं, त्यामुळे त्या इथे पुन्हा लिहीत नाही. मला ख्रिस्तपुराणातला दुसराच प्रसंग जास्त प्रिय आहे. पुराणाच्या सुरुवातीलाच तो येतो. गोव्यातल्या साष्टीत ख्रिस्ती शिकवण चाललेली असताना नव्याने ख्रिस्ती झालेला एकजण उठतो आणि म्हणतो, तुमची शिकवण चांगली, पण आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग तशी काही नवी आमच्यासाठी का करत नाही? त्या माणसाचं मला फार वाटतं. त्याने देव बदलला होता किंवा त्याला बदलावा लागला होता. त्याच्या घरात संध्याकाळी जे ऐकलं जायचं, ज्यावर घरातली माणसं डोलायची, हसायची, रडायची, ते सगळं गेलं होतं. प्रश्नोत्तरं पाठ करून संध्याकाळ भरत नाही, हे त्याने एका पाद्रीला तोंडावर सांगितलं. आणि १५७९ साली गोव्यात आलेल्या त्या इंग्रज पाद्रीने ते ऐकलं. सुमारे अकरा हजार ओव्या लिहिल्या. १६१६ साली साष्टीतल्याच रायतूरला ते पुराण छापलं गेलं, रोमन अक्षरांत, कारण छापखान्यात तेच खिळे होते. मग ते रविवारी, सणाला चर्चमध्ये वाचलं जाऊ लागलं.

म्हणजे आपल्या भाषेतला हा एवढा मोठा ख्रिस्ती ग्रंथ जन्माला आला तो मन रमवायला काहीतरी द्या या मागणीतून.

ही गोष्ट मी गोड करून सांगत नाही. ज्या पोर्तुगीज राजवटीत ही ओवी मिळाली तिनेच ओवीवर बंदीही आणली. गोव्यातल्या धर्मचौकशीच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, १७३६ च्या फर्मानात लग्नात ओव्या गाण्यालाही मनाई होती. आमच्या घराण्यासारखी अनेक घराणी त्या काळात वेगवेगळ्या कारणांनी तेरेखोल नदी ओलांडून सावंतवाडीच्या सावंतांच्या मुलुखात आली. कोणी कराला कंटाळून, कोणी रोगराईला, कोणी चौकशीला भिऊन. येताना त्यांनी क्रूस आणला आणि ओव्याही आणल्या. आजही आमच्यात रोसाच्या दिवशी नवरीच्या अंगाला नारळाचा रस चोळताना म्हाताऱ्या वोवयो गातात, आणि त्यांची सुरुवात क्रूसाची खूण करूनच होते. फर्मान काढणाऱ्यांची नावंही आता कोणाला आठवत नाहीत. वोवयो मात्र माझ्या भाचीला पाठ आहेत.

मावशीची बाजूही मला दिसते, आणि ती हलकी नाही. तिच्या घरी उपासात टीव्हीवर कापड पडतं. नवरा बोटीवर असताना समुद्रातच गेला, तेव्हापासून. चाळीस दिवस ती मासळीसुद्धा खात नाही. आमच्याकडे मांस सोडलं तरी बांगडा चालतो, तिच्याकडे तोही चालत नाही. संध्याकाळी तिच्या पडवीत गेलं की एक वेगळीच शांतता असते, आणि मला त्या शांततेचा हेवा वाटतो. माझ्या घरात ती नाही. मोबाइल आहे, मुलांचे क्लासेस आहेत, आणि उपासाचे दिवस कधी आले कधी गेले कळत नाही. मन रमवण्याच्या नावाखाली आपण दिवसभर जे बोटाने सरकवत बसतो ते मला दशावताराच्या रांगेत बसवता येणार नाही. त्याने मन रमत नाही, नुसतं विखुरतं. नाटकाला मी शेजाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले होते, दोनशे माणसं एकाच वेळी श्वास रोखत होती, एकाच वेळी हसत होती. घरी आले तेव्हा मन भरलेलं होतं आणि प्रार्थना सहज आली. मावशीला पडवीत जे मिळतं त्याच्या आसपासचं काहीतरी मला तिथे मिळालं असं मी म्हणेन, पण तिच्या दुःखाने तिने जे कमावलंय ते मला फुकट मिळालं असं म्हणायची माझी छाती नाही.

आरतीचं ताट फिरतं तेव्हा काय करायचं, हेही एकदा सांगून टाकते, कारण आमच्यातली तरुण मुलं मला हे विचारतात. मी नोट ठेवते. ताट घेऊन येणाऱ्याला नमस्कार करते. निरांजनावरून हात फिरवत नाही, कारण ती माझी पूजा नाही आणि मी ती केल्याचं दाखवणं हा त्यांच्या श्रद्धेचाही अपमान होईल. इतकी वर्षं कोणीही मला त्यावरून काही बोललेलं नाही. ताटवाला पुढे सरकतो. आमच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, तोच ताटवाला सहकुटुंब येतो, मेणबत्ती लावतो, मिस्सेच्या वेळी मागे हात जोडून उभा राहतो, प्रसादाच्या रांगेत येत नाही. आपापली हद्द दोघांनाही न सांगता कळते.

संत थॉमस अक्वायनसने या विषयावर लिहून ठेवलंय, हे मला एका फादरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी दाखवलं. तो जुनी गोष्ट सांगतो. संत योहान शिष्यांबरोबर खेळत बसलेला बघून काही लोकांना नवल वाटलं. त्यातल्या एकाच्या हातात धनुष्य होतं. योहानाने त्याला बाण मारायला सांगितला, मग आणखी एक, मग आणखी एक, आणि विचारलं, हे असंच चालू ठेवता येईल का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचंही तेच होईल, योहान म्हणाला. अक्वायनस तिथेच थांबत नाही. स्वतः कधीही न हसणारा आणि दुसऱ्याच्या हसण्याला आडवा येणारा माणूस चुकतो आहे, असं तो स्पष्ट लिहितो. तेराव्या शतकातल्या मठात बसून हे लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला फार आपलेपणा वाटतो. आणि हाच योहान, ज्याच्या शुभवर्तमानात येशूचं पहिलं चिन्ह लग्नमंडपात घडतं. सहा दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरले आणि लग्नघराची लाज राखली गेली. रोगी बरे करणं, मेलेल्यांना उठवणं ही कामं नंतर. आधी, मांडवातली मजा मधेच मोडू नये म्हणून.

पावसाळ्यात आमच्या घरी गंजिफा, म्हणजे गोल पत्त्यांचा जुना खेळ, निघतो. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही तो हाताने रंगवतात. तिथले राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जीव लावला नसता तर ही कला गेलीच होती. दशावतारी गंजिफात १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाच रंगांत दश्शी मोठी, पाच रंगांत एक्का मोठा, त्यामुळे नवा माणूस गोंधळून जातो. दिवसा रामाच्या पानाने उतरायचं, रात्री कृष्णाच्या. भिंतीवर येशूचं पवित्र हृदय, खाली चटईवर मत्स्य, कूर्म, वराह, आणि माझा भाऊ मोठ्याने विचारतोय, सूर्य बुडाला की नाही ते आधी ठरवा. बाहेर असा पाऊस की दुपारी तीनला दिवा लागतो. मग खरोखरच कोणीतरी दार उघडून आभाळ बघून येतं.

आमच्या चर्चचा तरुण गट यंदा फेस्ताला येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचं नाटक करतोय, दशावताराच्या ढंगात. बाकडं मिळालंय. देवळातल्या मांडावर पखवाज वाजवणारे काका यायला तयार झालेत, वर त्यांनी मुलांना सांगितलं की घरी परतण्याच्या प्रवेशाला कोणता ठेका लागेल ते मी बघतो. वाद झाला तो भाषेवरून. डुकरं राखणारा मालवणी बोलणार यावर सगळ्यांचं एकमत होतं, धाकटा मुलगा मालवणी बोलणार हेही ठरलं. बापाचं काय? मोठ्या मुलांचं म्हणणं, बाप म्हणजे देव, त्याने विष्णूसारखं बोललं पाहिजे, "हे पुत्रा, तू परत आलास, माझे हृदय आनंदाने भरून आले आहे." त्यांनी तसं बसवलंही. तालमीला मी गेले होते. बापाचं काम करणारा मुलगा कॉलेजात शिकतो, उंच, आवाज चांगला. तीनदा त्याने ते वाक्य म्हटलं आणि तिन्ही वेळा ते वर्गात म्हटल्यासारखं वाटलं. चौथ्या वेळी धाकटा मुलगा हॉलच्या दारातून खरंच दमून, धूळ लावून आत आला, पखवाजाने घाई धरली, आणि बाप बाकड्यावरून उठून धावत सुटला. धावताना त्याचं सोवळं वाक्य कुठेतरी मागे राहिलं. "इलंस रे झिला!" तो ओरडला. "भूक लागली आसतली! गे, जेवाण वाढा गे याका!" मोठ्या मुलांपैकी एकाने वहीतलं जुनं वाक्य खोडलं. मग थोरल्या भावाचा राग कोणत्या भाषेत यावा यावर पुन्हा वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मंगळवारी परत बसणार आहेत.